लांब ओढ, आखूड ओढ: कायानुपस्सना (आपल्या शरीराकडे भान ठेवून बघणं) सुरू करणाऱ्यासाठी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये मी ३४ वर्षं लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, चालवला. यंत्रमागाचे शाफ्ट, बुश, रोलर, पिना. आयटीआयचा टर्नर मी. वंदना लहानपणापासून पाठ, त्रिसरण-पंचशील झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण ध्यान हे आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाचं काम नाही, असं पन्नाशीपर्यंत मनात पक्कं बसलेलं होतं. मग एका वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात एक भंतेजी राहायला आले. आषाढ पौर्णिमेपासून ते रोज संध्याकाळी सतिपट्ठान सुत्तातलं, म्हणजे स्मृतीवरच्या बुद्धांच्या उपदेशातलं, थोडं थोडं वाचून अर्थ सांगायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ही ओळ आली:

"सेय्यथापि दक्खो भमकारो वा भमकारन्तेवासी वा दीघं वा अञ्छन्तो दीघं अञ्छामीति पजानाति."

भमकार म्हणजे खरादी. आजच्या भाषेत टर्नर. अन्तेवासी म्हणजे त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा. कुशल खरादी लांब ओढ घेताना लांब ओढ घेतोय हे जाणतो, आखूड घेताना आखूड घेतोय हे जाणतो; तसाच भिक्खू आपला श्वास जाणतो. त्या काळी मोटर कुठली, दोरी हाताने ओढून जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी श्वास समजावून सांगताना भगवंतांना माझा धंदा आठवला, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत जे केलं, जिथे चुकलो आणि रविवारी सकाळी विहारात येणाऱ्यांना जे सांगतो, ते इथे लिहितोय. कुणाला उपयोग झाला तर मला फार बरं वाटेल.

आधी थोडी ओळख. सतिपट्ठानात स्मृतीची, म्हणजे जागं भान ठेवण्याची, चार ठाणी सांगितली आहेत: काया, वेदना (सुख-दुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म. कायानुपस्सना हे त्यातलं पहिलं. मूळ उपदेश कुरू देशातल्या कम्मासधम्म नावाच्या गावी झाला. मज्झिम निकायात तो दहावा आहे, आणि दीघ निकायात बाविसावा, तिथे महासतिपट्ठान या नावाने. कायेचे त्यात सहा भाग येतात: श्वास, शरीराच्या चार स्थिती, रोजच्या हालचालींतलं भान, शरीराचे अवयव, चार धातू, आणि स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्था. सगळे एकदम करायचे नसतात. पहिल्या तीन भागांतच माझी अर्धी वर्षं गेली.

बसायला जागा

सुत्तात म्हटलंय, अरण्यात जा, झाडाखाली जा किंवा 'सुञ्ञागारा'त, म्हणजे रिकाम्या घरात जा. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. मी पहाटे पाचला गच्चीवर बसतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, स्लॅब रात्रभर ऊब सोडत राहतो, आणि पहाटेचा तेवढाच तासभर जरा गार असतो. गच्ची नसेल तर स्वयंपाकघराचा कोपरा चालतो. पिठाच्या डब्याला पाठ लागणार नाही एवढं बघा, कारण टेकायला मिळालं की डुलकी येते.

खाली काय घ्यायचं? विकतची उशी लागत नाही. आपल्या घराघरांत चादरी आहेत. सोलापुरी चादर सुती आणि जाड असते, घडी केली की दबत नाही. दोन चादरींची घट्ट घडी करून ती फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. हे एवढं जमलं तर कणा आपोआप उभा राहतो. नाही जमलं तर दहा मिनिटांत माणूस पोक काढतो आणि दोष मनाला देतो. गुडघे गेले असतील तर सरळ खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीला टेकवा. आमच्याकडे येणाऱ्यांत निम्मी माणसं खुर्चीवर बसतात. मांडी घातली म्हणून ध्यान जास्त होतं, असं मला आजवर दिसलेलं नाही.

पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. मोबाइलवर हलका गजर लावून तो उलटा ठेवा.

श्वास

इथे मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून इथेच सविस्तर सांगतो.

पहिले दोन महिने मी श्वास ओढत होतो. 'लांब' असं वाचलं, म्हणून लांब घ्यायचा. 'आखूड' वाचलं, म्हणून आखूड करायचा. हाताला सवयच ती: जॉब माझ्या हुकमात, कट किती घ्यायचा ते मी ठरवणार. डोकं जड व्हायला लागलं, छातीत आवळल्यासारखं वाटायचं. भंतेजींना सांगितलं तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्या वाक्यात शेवटचा शब्द कुठला आहे?" मी म्हणालो, "पजानाति." "म्हणजे काय?" "जाणतो." पुढे ते काही बोलले नाहीत.

श्वास घेण्याचं काम शरीर करतंच आहे. तुम्ही झोपलात तरी करतं. तुमच्याकडे फक्त जाणायचं काम आहे. प्राणायामात श्वास धरतात, सोडतात, त्याचं प्रमाण ठेवतात. ती वेगळी विद्या आहे, आणि आमच्याकडे येणारे बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. आनापानात, म्हणजे येता-जाता श्वास नुसता जाणण्यात, श्वासाला हात लावायचा नाही.

करायचं असं. डोळे मिटून आधी शरीर जमिनीला कुठे कुठे टेकलंय ते जाणा: घोटा, मांडी, बूड. मग श्वास सगळ्यात स्पष्ट कुठे लागतो ते शोधा. कुणाला नाकपुडीच्या तोंडाशी गार लागतो, कुणाला पोट वर-खाली होताना कळतो. विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या परंपरेत नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्या जागेवर लक्ष ठेवायला सांगतात. बर्मातल्या महासी सयाडो या भिक्खूंच्या पद्धतीत पोटाचं फुगणं आणि उतरणं बघतात. दोन्हींनी हजारो माणसं शिकली आहेत. यात बरोबर कोण, हा वाद रविवारी दोनदा झाला आणि दोन्ही वेळा बसायचं राहून गेलं. एक जागा धरा आणि महिनाभर तीच ठेवा. रोज जागा बदलली तर टूल रोज नव्याने सेट करावं लागतं, कट लागतच नाही.

आता श्वास आत आला, तो लांब होता, कळलं. बाहेर गेला, आखूड होता; कळलं. लांब म्हणजे चांगला आणि आखूड म्हणजे वाईट असं नाही. जिने चढून येऊन बसलात तर आखूडच असणार. लेथवर शिकाऊ पोरगा टूल जोर लावून दाबतो, मग जॉब थरथरतो, चॅटर येतो, फिनिश जाते. जुना टर्नर चाकावर हात हलका ठेवतो, आवाज ऐकतो, चिप कशी सुटतेय ते बघतो. लक्ष पूर्ण, हात हलका. श्वासापाशी तसं राहा.

मन पळतंच. आमच्यातल्या एका बाईंचं मन रोज गॅस बंद केला का इथे जायचं, एका पोराचं भरतीच्या निकालाकडे. गेलं हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी ते परत आलेलंच असतं. तेव्हा चिडू नका, पुढचा श्वास घ्या. फारच पळत असेल तर मोजा. विसुद्धिमग्ग या जुन्या ग्रंथात नवशिक्यासाठी मोजणी दिली आहे: पाचच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही. मी आठपर्यंत मोजायचो. मन बसलं की मोजणी सोडून द्या.

लांब जाणणं आणि आखूड जाणणं या श्वासाच्या पहिल्या दोन पायऱ्या. तिसरी पायरी 'सब्बकायपटिसंवेदी', म्हणजे सगळी काया अनुभवत. काही आचार्य याचा अर्थ श्वासाची सबंध काया, म्हणजे सुरुवात-मध्य-शेवट, असा करतात. काही जण सबंध शरीर म्हणतात. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो आणि मी तसाच शिकवतो: श्वास चालू आहे, आणि त्याच वेळी डोक्यापासून तळपायापर्यंत बसलेलं अख्खं शरीर जाणवतंय. हे यायला मला वर्ष लागलं.

चौथी पायरी कायसंखार, म्हणजे इथे श्वासाची हालचालच, शांत करत श्वास घेण्याची. इथे पुन्हा हात घालायचा मोह होतो. मोटर बंद केल्यावर लेथचा चक, म्हणजे जॉब धरणारा फिरता भाग, लगेच थांबत नाही, फिरत फिरत मंदावतो. त्याला हाताने धरून थांबवायला गेलं तर बोटं जातात. पहिल्याच दिवशी उस्ताद हे बजावतो. श्वासही आपला आपण मंदावतो. कधी इतका बारीक होतो की थांबला की काय असं वाटून माणूस दचकतो आणि जोराने ओढतो. ओढू नका. तो आहे. जिथे शेवटचा लागला होता तिथेच लक्ष ठेवून थांबा, पुन्हा सापडतो.

गुडघा दुखला तर? आधी दुखणं जाणा, दोन-तीन श्वास त्याच्यासोबत राहा, मग पाय बदलायचाच असेल तर बदला, पण बदलतोय हे जाणत बदला. एकाने मुंग्या आलेला पाय तासभर तसाच दाबून ठेवला आणि उठताना पडला. असला हट्ट सुत्तात कुठेही सांगितलेला नाही.

उठल्यानंतर

"गच्छन्तो वा गच्छामीति पजानाति." चालताना चालतोय हे जाणतो, उभा असताना, बसलेला असताना, पडलेला असताना तसंच. आणि पुढे एक वाक्य आहे जे मला फार आवडतं: शरीर ज्या ज्या प्रकारे ठेवलेलं असेल, त्या त्या प्रकारे ते जाणतो. म्हणजे कुठलीच स्थिती सुटली नाही. लेथपाशी वाकून उभं राहणं त्यात आलं, बसमध्ये दांडी धरून लोंबकळणंही आलं.

चालायला सिद्धेश्वर तलावाचा काठ छान आहे, पण शिकायला तो नको, तिथे ओळखीचे भेटतात. गच्चीवर वीस पावलं जा, थांबा, वळा, वीस पावलं परत या. अनवाणी. टाच उचलली, पाय पुढे गेला, टेकला. मुद्दाम हळू चालायची गरज नाही, नेहमीच्या चालीपेक्षा थोडंसं सावकाश पुरे. डोळे उघडे, नजर चार-पाच हात पुढे. ज्यांना बसलं की झोप येते त्यांनी आधी चालावं आणि मग बसावं.

तिसऱ्या भागात पुढे जाणं-मागे येणं, हात आखडणं-पसरणं, चीवर नेसणं, खाणं-पिणं, चाखणं, शौचाला जाणं, बोलणं आणि गप्प राहणं, सगळं घेतलंय. भगवंतांनी शौचालाही वगळलं नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. ध्यानाची जागा म्हणजे फक्त विहार, ही समजूत त्याने सुटते.

सोलापूरकराला याचा सराव करायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पाणी भरण्याची. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि आलं की घरात धावपळ. त्यातली एकच कळशी निवडा. वाकलो. हाताला गार लागलं. कडी पकडली. दंडाला ताण आला, कमरेला आला. उचलली. वजन डाव्या पायावर गेलं. ओतली, दंड मोकळा झाला. बाकीच्या कळश्या जशा भरता तशा भरा. महिनाभराने दोन कळश्या करा. माझी कमर याच सरावामुळे वाचली असं मी मानतो, कारण मी कायम डावीकडे वाकून उचलत होतो आणि ते मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

दुसरा सराव कडक भाकरीचा. शेंगाचटणी आणि दही घेऊन बसा आणि पहिला घास एकट्याने, न बोलता खा. कडक भाकरी घाई करू देत नाही. दातांखाली मोडते तो आवाज कानात आतून येतो, मग कोरडेपणा, मग लाळ सुटते, तिखट जिभेच्या कडांना लागतं, घास मऊ होतो, आणि गिळायची इच्छा गिळण्याच्या आधी येते. ती इच्छा सापडली का बघा. मला सापडायला पुष्कळ दिवस लागले.

पिशवीतलं धान्य

पुढचा भाग ऐकून लोक बिचकतात: केस, रोम, नखं, दात, त्वचा, मांस, स्नायू, हाडं, असं करत शरीरातल्या एकतीस गोष्टी. पुढे मेंदू धरून बत्तीस मोजतात. नव्याने दीक्षा घेणाऱ्या श्रामणेराला पहिल्या पाच देतात, "केसा लोमा नखा दन्ता तचो", आणि तुम्हीही या पाचांवरच थांबा.

याला पटिकूल मनसिकार म्हणतात आणि त्याचा अर्थ बरेच जण 'शरीराची किळस' असा सांगतात. मला ते पटत नाही, कारण सुत्तातली उपमा किळसेची नाही. दोन्ही बाजूंना तोंड असलेली पिशवी, तिच्यात साळी, मूग, उडीद, तीळ, तांदूळ. डोळस माणूस ती सोडतो आणि बघतो: हे मूग, हे उडीद, हे तीळ. उडदाची कुणाला किळस येत नाही आणि तिळावर कुणी भाळत नाही. आमच्याकडे ज्वारी निवडताना सुपात खडा दिसला तर बाजूला काढतात, त्याच्यावर रागावत नाहीत. तसं केसांकडे बघायचं. कंगव्यात आलेला केस हातात घ्या. पाच मिनिटांपूर्वी तो 'माझे केस' होता.

विशेषतः बायकांना आणि वयात आलेल्या पोरापोरींना हा भाग सांगताना मी फार जपून सांगतो. आपल्या समाजाला शतकानुशतकं शरीरावरून अपवित्र ठरवलं गेलं. धम्माच्या नावाने पुन्हा कुणी स्वतःच्या कातडीचा तिरस्कार करायला लागला, तर ते मी होऊ देणार नाही. ज्याला आधीच स्वतःच्या शरीराचा राग येतो, जेवण टाळावंसं वाटतं, त्याने हा भाग सोडून श्वास आणि चालणं एवढंच करावं.

चार धातूंचं सोपं आहे. पठवी म्हणजे कठीणपणा, वजन. आपो म्हणजे ओल आणि बांधून ठेवणं. तेजो म्हणजे उष्णता. वायो म्हणजे हालचाल. सुत्तात इथे खाटकाची उपमा आहे: चौकात जनावराचे वाटे मांडून बसल्यावर त्याच्यापुढे जनावर उरत नाही, वाटे उरतात. सोलापूरच्या मे महिन्यात तेजो शिकायला कुठे जावं लागत नाही. दुपारी लाइट गेली, पंखा थांबला की पाच मिनिटं बसा. पाठीवर घाम: आपो. कानशिलं तापलेली: तेजो. फरशीला टेकलेला घोटा: पठवी. श्वास: वायो. 'मला उकडतंय' यातला 'मला' किती वेळ टिकतो ते बघा.

स्मशानाच्या नऊ अवस्थांविषयी एवढंच म्हणेन की घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्या करू नका, आणि शिकवणाऱ्या भिक्खूशिवाय एकट्याने तर मुळीच नको.

आणखी थोडं

शक्य असेल तर एकदा दहा दिवसांचं शिबिर करा. मी इगतपुरीला धम्मगिरीवर केलं. पहाटे चारला घंटा, मौन, पहिले तीन दिवस नुसतं आनापान, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघणं. फी नसते, झाल्यावर जमेल ते दान द्यायचं. रजा मिळत नसेल तर अडून राहू नका. रोजची पंधरा मिनिटं आणि एक कळशी यानेही पुष्कळ होतं.

छातीत कळ, डाव्या हातात मुंग्या, चक्कर असं काही आलं तर ते 'जाणत' बसू नका, दवाखान्यात जा. मानसिक आजारावर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बसा आणि गोळ्या बंद करू नका.

प्रत्येक भागाच्या शेवटी सुत्तात तेच शब्द येतात: "अत्थि कायो", काया आहे, एवढी स्मृती उभी राहते, तीही ज्ञानापुरती, स्मृतीपुरती. बसून उठताना मी हे दोन शब्द मनात म्हणतो.

माझी बायको तीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, दिवसाला सात-आठशे. मी गच्चीवरून खाली आलो की ती म्हणायची, "डोळे मिटून बसायला मला कुठला वेळ ओ?" तिला मी बसायला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की पंचवीस विड्या झाल्या की एकदा खांदे कुठे आहेत ते बघ. दोन-तीन आठवडे काहीच बोलली नाही. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "आज उजवा खांदा पार कानाला लागला होता बघा. खाली घेतला मी."

पुढचा धडा तिला तेव्हा दिला, आणि आता ती तोच करते: खांदा लगेच खाली घेऊ नकोस. वर आहे तसा एक श्वास राहू दे, तो वर आहे हे नीट कळू दे, मग घे.